गाणी ज्याची, गोष्ट त्याची? फ्रेडी, एल्टन आणि बाकीचे

भोंगेवाला, कुडाळ (धागाकर्ता)

पावसात आमचा धंदा बसलेला असतो. जत्रा नाहीत, लग्नं नाहीत, साउंडचे बॉक्स पडवीत ताडपत्रीखाली. दर तीन-चार दिवसांनी ताडपत्री काढून तासभर काहीतरी वाजवायचं, नाहीतर स्पीकरच्या कोनला बुरशी धरते. यंदा म्हटलं नुसती गाणी कशाला, पिक्चरच लावूया. दोन रात्रींत दोन झाले: ‘बोहेमियन रॅप्सडी’ (२०१८) आणि ‘रॉकेटमन’ (२०१९). पहिला क्वीन या इंग्लिश रॉक बँडच्या गायकावर, फ्रेडी मर्क्युरीवर, दुसरा इंग्लिश गायक एल्टन जॉनवर. दोघांनाही पुरुष आवडायचे (फ्रेडीच्या आयुष्यात बायकाही होत्या), आणि दोन्ही पिक्चरना हात लागलाय डेक्स्टर फ्लेचरचा. पहिल्याच्या मूळ दिग्दर्शकाला मधेच काढलं तेव्हा उरलेलं काम यानेच उरकलं. तरी दोन पिक्चर दोन वेगळ्या गावचे.

पहिल्यातली लाइव्ह एडची (मदतनिधीसाठीचा तो मोठा कार्यक्रम) शेवटची वीस मिनिटं मी तीनदा बघितली. १३ जुलै १९८५, वेम्बली. तो अख्खा स्टेज एका विमानतळाच्या मैदानात पुन्हा उभारलाय. आवाजात फ्रेडीचं मूळ रेकॉर्डिंग आहे, मार्क मार्टेल नावाच्या कॅनेडियन गायकाचा आवाज आहे आणि थोडा फ्रेडी झालेल्या रामी मालेकचा स्वतःचा. सांधा कुठे मारलाय ते शोधायला हेडफोन लावून बसलो. नाही सापडला. ज्याने मिक्स केलं त्याला सलाम. (रॉकेटमनमध्ये टॅरन एजर्टन स्वतः गायलाय, तिथे सांध्याचा प्रश्नच नाही.)

सांधा सापडला तो गोष्टीत. पिक्चरमध्ये फ्रेडी लाइव्ह एडच्या आधी बँडला सांगतो की मला एड्स झालाय. खरं तर त्याचं निदान झालं १९८७ च्या सुमाराला. पिक्चरमध्ये तो एकट्याने अल्बम करायला जातो म्हणून बँड फुटतो. खरं तर बँडमधल्याच रॉजर टेलरने आपला स्वतंत्र अल्बम १९८१ मध्येच काढला होता, आणि लाइव्ह एडच्या दोन महिने आधी क्वीन जपानात कार्यक्रम करत होते. कुठे फुटलेत? जिम हटन, जो फ्रेडीजवळ शेवटपर्यंत राहिला, तो न्हावी होता आणि दोघं क्लबमध्ये भेटले. पिक्चरने त्याला पार्टीत ग्लास उचलणारा वेटर केलाय आणि मोजून दोन-चार प्रसंग दिलेत. उलट पॉल प्रेंटर हा समलिंगी मॅनेजर म्हणजे सगळ्या दुखण्याचं मूळ. त्याने पुढे वर्तमानपत्राला फ्रेडीच्या गोष्टी विकल्या हे खरंच आहे, त्याची वकिली मी करत नाही. पण हिशेब बघा: बँड म्हणजे घर, मेरी (त्याची आधीची प्रेयसी) म्हणजे प्रेम, आणि पुरुष म्हणजे वाट चुकणं. चुकलेला मुलगा माफी मागून घरी येतो, मग वेम्बली.

आता मला जे म्हणायचंय ते. हे भिडेपोटी झालं की भीतीपोटी, यावर लोक भांडतात. मला वाटतं याचं उत्तर हक्कांत आहे. एका गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात, एक शब्द-चालीचा आणि एक रेकॉर्डिंगचा. गायकावर पिक्चर काढायचा आणि त्यात त्याचं गाणं नसेल तर तिकीट कोण काढणार? म्हणजे हक्कवाल्याच्या दारात जावंच लागतं, आणि दार उघडणारा म्हणतो, मी पण आत बसतो. बोहेमियन रॅप्सडीच्या निर्मात्यांत क्वीनचे मॅनेजर जिम बीच आहेत, ब्रायन मे आणि रॉजर टेलर संगीताच्या बाजूला आहेत. म्हणून ती फ्रेडीची गोष्ट नाही, उरलेल्या बँडने सांगितलेली फ्रेडीची गोष्ट आहे. रॉकेटमनच्या निर्मात्यांत एल्टनचा नवरा डेव्हिड फर्निश. स्टुडिओवाले सेक्स आणि नशा कमी करा म्हणत होते, माझं आयुष्य तसलं सोवळं नव्हतंच, असं एल्टनने स्वतः लिहिलंय. म्हणून तिथे दोन पुरुषांचं अंथरूण दिसतं आणि इथे मिशी, चामडी जाकीट आणि लांबून एक क्लब.

हे मला कळायचं कारण अगदी घरगुती. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका डबलबारीचं (दोन बुवांचा भजनाचा सामना) रेकॉर्डिंग मी चॅनेलवर टाकलं. बुवांनी गजर घेतला तो एका जुन्या सिनेगीताच्या चालीवर, भजनात ते चालतंच. शब्द विठ्ठलाचे, आवाज बुवांचा, पखवाज आमच्याच वाडीतला, माइक माझे. तिसऱ्या दिवशी एका कंपनीचा दावा. व्हिडिओ राहिला, जाहिरातीचे पैसे त्यांना. बुवा म्हणाले, “विठ्ठलाक नोटीस इली काय रे?”

आणि याची उलटी बाजू. टॉड हेन्सचा ‘व्हेल्वेट गोल्डमाइन’ (१९९८). ग्लॅम रॉकचा (चकचकीत कपडे, रंगवलेले चेहरे) काळ, नायक उघडच इंग्लिश गायक डेव्हिड बोवीवरून बेतलेला. बोवीने गाणी दिली नाहीत. मग हेन्सने गायकाचं नाव बदललं, दुसरी गाणी घेतली आणि दोन गायकांचं प्रेम आडपडदा न ठेवता दाखवलं. गाणी गेली, गोष्ट सुटली.

तर प्रश्न: हक्कवाल्यांच्या मर्जीशिवाय खरा क्वीअर (समलिंगी वगैरे माणसांचा) पॉप-पिक्चर होऊ शकतो का? तुम्ही बघितलेले सांगा.

---

वाकडा_माड, अलिबाग

लेख छान, पण गायकाच्या बेडरूममध्ये काय चाललंय त्याच्याशी आपल्याला काय करायचंय? गाणं ऐका, खूश व्हा.

---

सुरंगी, वेंगुर्ला

माड भाऊ, फ्रेडी आणि मेरी पलंगावर पडून गप्पा मारतात. ती बेडरूम तुम्हाला खटकली नाही. खटकत नाहीच कोणाला. जिमची वेळ आली की ‘खासगी आयुष्य’ आठवतं.

भोंगेवाला, माहितीबद्दल आभार, पण हक्कांवर सगळं ढकलू नका. अमेरिकन गीतकार-संगीतकार कोल पोर्टर घ्या. त्याच्यावर हॉलिवूडने दोनदा पिक्चर काढला. १९४६ मध्ये ‘नाइट अँड डे’, कॅरी ग्रँटला घेऊन. पोर्टर तेव्हा जिवंत होता, गाणी त्याचीच. त्यात समलिंगी हा शब्द सोडा, सावलीसुद्धा नाही. नवरा-बायकोतला रुसवा काय तो. पुन्हा २००४ मध्ये ‘डी-लव्हली’, केविन क्लाइन. त्यात त्याचे पुरुष प्रियकर आहेत, बायकोला ते माहीत आहेत, आणि तरी ते लग्न खोटं वाटत नाही. गाणी तीच. मग बदललं काय? १९४६ मध्ये अमेरिकन सिनेमावर प्रॉडक्शन कोड होता, त्यात हा विषय दाखवायलाच बंदी. तो कोड १९६८ मध्ये गेला. म्हणजे मालक एक असतो, त्याच्या वर काळ नावाचा दुसरा मालक बसलेला असतो.

आणि बाजार हा तिसरा. बोहेमियन रॅप्सडी चीनमध्ये लागला तो समलिंगी प्रसंग कापून. रॉकेटमनची दृश्यं रशियात कापली, सामोआत तर तो लागलाच नाही. ज्याला जगभर तिकिटं विकायची आहेत तो कात्री चालवायला सोपं जाईल असंच शूटिंग करणार.

---

तिरफळ, रत्नागिरी

वाचनखूण साठवली. एक गंमत कोणाच्या लक्षात आली का? जॉन रीड. एल्टनचा मॅनेजर आणि काही काळ प्रियकर, पुढे काही वर्षं क्वीनचाही मॅनेजर. तो दोन्ही पिक्चरमध्ये आहे! एकात एडन गिलन, दुसऱ्यात रिचर्ड मॅडन, दोघंही ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाले. आणि रॉकेटमनमध्ये, जो आपण ‘प्रामाणिक’ म्हणतोय, खलनायक कोण? समलिंगी मॅनेजरच. सुटाबुटातला, देखणा, थंड. म्हणजे नायकाला समलिंगी असायची परवानगी मिळाली, पण मॅनेजरची खुर्ची दोन्हीकडे तीच.

---

झिलग्या, मालवण

मी ह्ये इंग्लिश पिच्चर काय बगूक नाय. पन स्टेजवरचा नि घरचा बोलतास तर सांगतंय. आमच्या वाडीतलो एक जण धा-बारा वर्सां दशावतारात स्त्रीपार्ट करी. रात्री द्रौपदी झालो काय बायलमाणसां डोळे पुसत. म्हाताऱ्यो त्येका साडी देयत. आनी दुसऱ्या दिसा तोच बाजारात दिसलो काय त्येच्या मागसून शिट्ट्यो. रात्री राजा नि सकाळी डोक्यार बोजा म्हणतत ना, राजाचो निदान बोजोच. रानयेक शिट्टी.

---

माजघर, दापोली

झिलग्या, वाईट वाटलं वाचून. पण मंडळी, एक गल्लत नको. दशावतारात पूर्वापार सगळे पुरुषच, त्यामुळे स्त्रीपार्ट करणारा तो समलिंगी असं काही नसतं. बहुतेकांची चारचौघांसारखी बायकामुलं असतात. बालगंधर्वांच्या शालूची नक्कल घराघरांतल्या बायका करत, पण त्यांच्या त्या रूपाला महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं म्हणून महाराष्ट्र क्वीअर लोकांना समजून घेत होता असं नाही.

उलट आपल्या सिनेमाची अडचण इथेच दिसते. ‘नटरंग’ (२०१०) आठवा. गुणा पैलवानी शरीर उतरवतो आणि नाच्या होतो. लोक त्याची विटंबना करतात, आपल्याला राग येतो. पण राग कशाचा येतो? हा तर खरा मर्द, बायको-पोराचा धनी, त्याला असं म्हणतात, याचा. समजा गुणा खरंच ‘तसा’ असता, तर तेवढीच सहानुभूती मिळाली असती का? सिनेमा मला फार आवडतो, अजय-अतुलच्या गाण्यांवर तर जीव आहे. तरी हा प्रश्न त्यात विचारलेला नाही, एवढं नोंदवते.

---

वाकडा_माड, अलिबाग

सुरंगी ताई, मुद्दा पोचला. पण एक शंका उरतेच. माणूस मेल्यावर त्याने जे स्वतः सांगितलं नाही ते पडद्यावर मांडायचं का? फ्रेडीने आपल्या आजाराचं निवेदन दिलं २३ नोव्हेंबर १९९१ ला आणि दुसऱ्या दिवशी गेला. आयुष्यभर त्याने मुलाखतींत हा विषय टोलवला. त्याची इच्छा नको बघायला?

---

सुरंगी, वेंगुर्ला

ही शंका रास्त आहे. त्याचं सगळ्यात अवघड उदाहरण अमेरिकन गायिका व्हिटनी ह्यूस्टनचं. ती २०१२ मध्ये गेली, आपलं बाईवर प्रेम होतं हे जिवंतपणी तिने नेहमी नाकारलं. मग २०१९ मध्ये रॉबिन क्रॉफर्डने पुस्तक लिहिलं. किशोरवयातली मैत्रीण, पुढे तिच्या कामाचं सगळं बघणारी. तिने लिहिलं की सुरुवातीला आमचं प्रेम होतं, शरीराचंही. रेकॉर्ड कंपनीशी करार झाल्यावर व्हिटनीने तिला बायबल दिलं आणि म्हणाली, आता ते थांबवायचं. (ते बायबल निळ्या रंगाचं होतं. खोटं सांगणारं माणूस रंग लक्षात ठेवत नाही असं माझी आजी म्हणायची.) २०२२ च्या ‘आय वॉना डान्स विथ समबडी’मध्ये हे आहे. चोरून नाही, सरळ दाखवलंय. पण अर्ध्या तासानंतर रॉबिन म्हणजे फायली घेऊन मागे उभी राहणारी बाई. निर्मात्यांत व्हिटनीच्या वारसांकडचे लोक आणि तिला करारबद्ध करणारे क्लाइव्ह डेव्हिस आहेत. त्या डेव्हिसनी २०१३ मध्ये आत्मचरित्रात आपल्याला स्त्री-पुरुष दोन्ही आवडत असल्याचं लिहिलं, वयाच्या ऐंशीनंतर. म्हणजे बघा, जिला गप्प राहावं लागलं ती आणि जिथे गप्प राहावं लागलं त्या कंपनीचा साहेब, दोघांच्याही पोटात तेच.

माझं उत्तर असं की रॉबिनचं आयुष्य रॉबिनचंही आहे. ते सांगायचा हक्क तिला आहे. जिम हटननेही १९९४ मध्ये पुस्तक लिहून तो वापरला. जोडीदाराला गाळून ‘मृताची इच्छा’ पाळली म्हणणं म्हणजे अंत्ययात्रेत बायकोला घरी ठेवण्यासारखं.

---

भोंगेवाला, कुडाळ (धागाकर्ता)

काळ हा दुसरा मालक, मान्य. कोल पोर्टरचं माहीत नव्हतं.

पण सुरंगी, तुमचा काळाचा मुद्दा सरळ रेषेत जात नाही. मा रेनी ही ब्लूज गायिका १९२८ मध्ये एका रेकॉर्डवर गाते की काल रात्री मी मैत्रिणींबरोबर गेले होते, त्या बायकाच असणार, कारण पुरुष मला आवडत नाहीत. १९२८! आणि पन्नासहून जास्त वर्षांनी व्हिटनीला बायबल द्यावं लागतं. जेवढी कंपनी मोठी, जेवढे पैसे जास्त, तेवढी तोंडं बंद.

तिच्यावरचा ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ (२०२०) मिळाला तर बघाच. सगळा पिक्चर जवळजवळ एका रेकॉर्डिंग स्टुडिओत, शिकागोतल्या एका उकाड्याच्या दिवशी. तिची मैत्रीण सगळ्यांसमोर तिच्याबरोबर वावरते, कोणी चकार शब्द काढत नाही, पिक्चरही त्यावर भाषण ठोकत नाही. व्हायोला डेव्हिस घामाने निथळतेय, डोळ्यातलं काजळ ओघळलंय, आणि ती ठाम सांगते, थंड कोकाकोला आणल्याशिवाय गाणार नाही. गोऱ्या साहेबांना थांबावं लागतं. मला आधी वाटलं नखरे. मग कळलं. रेकॉर्डिंग झाल्यावर साहेबाला तिची सही हवीय कागदावर, आणि ती सही लांबवते. कारण तिला पक्कं माहीत आहे की सही होईपर्यंतच तिची किंमत. सही झाली की आवाज त्यांचा, मग बाई कोण, कोणाबरोबर झोपते, उन्हात मेली की जगली, कोणाला पडलेली नाही. माझा हक्कांचा मुद्दा मी चार परिच्छेदांत मांडला, या बाईने एका बाटलीत मांडला.

---

तिरफळ, रत्नागिरी

आणि आपल्याकडे? ‘रॉक ऑन’, ‘रॉकस्टार’, ‘आशिकी २’, ‘गली बॉय’. संगीताच्या धंद्यावरचे एवढे पिक्चर, एकाचाही नायक-नायिका क्वीअर नाही. समलिंगी नायक आपल्याकडे प्राध्यापक होतो, पोलीस होतो, गाणारा होत नाही.

प्राध्यापकावरून आठवलं. ‘अलीगढ’मधला तो प्रसंग, मनोज बाजपेयी एकटा खोलीत बसून ‘आपकी नज़रों ने समझा’ ऐकतो. हातात ग्लास, डोळे मिटलेले, मधेच लताबाईंबरोबर गुणगुणतो. कॅमेरा हलत नाही. ज्यांच्यावर तो पिक्चर आहे ते डॉ. सिरस आपले, नागपूरचे, मराठी शिकवणारे, मराठीतले कवी. समलिंगी म्हणून विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं होतं. २०१० च्या एप्रिलमध्ये कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि आठवड्याभरात ते गेले. पॉप उद्योगाशी संबंध नाही, धाग्यावर अवांतर आहे, पण समलिंगी माणूस आणि गाणं यांचं नातं मला तेवढं कुठल्याच रॉकस्टारच्या पिक्चरमध्ये दिसलं नाही. तिथे तो गायकही नाही, नुसता ऐकणारा.

---

खाडीकाठ, दाभोळ

इथे वाचतो बरीच वर्षं, लिहितो पहिल्यांदा. भोंगेवाला, तुमचे सगळे मुद्दे बरोबर आहेत आणि तरी मला त्या खोट्या पिक्चरची बाजू घ्यायचीय.

२०१८ चा नोव्हेंबर. कलम ३७७ चा (समलिंगी संबंध गुन्हा नाही असा) निकाल येऊन दोन-अडीच महिने झाले होते. मी मुंबईत नोकरीला, आई डोळ्यांच्या तपासणीसाठी आलेली. तिला म्हटलं, पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या एका पारशी मुलाचा पिक्चर आहे, येतेस? पाचगणी म्हटल्यावर ती तयार झाली. आमची सहल गेली होती एकदा, पोलादपूरवरून आंबेनळी घाटाने, तिला बस लागलेली. इंग्रजी तिला फारसं कळत नाही. मी अधूनमधून कानात सांगत होतो.

लाइव्ह एडच्या आधी फ्रेडी जिमला आई-वडिलांच्या घरी घेऊन जातो तो प्रसंग आला. हा माझा मित्र, असं सांगतो. मग कोचावर त्याचा हात धरतो. मी कानात काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो? माझा घसा कोरडा.

रात्री खोलीवर आल्यावर ती डोळ्यांत थेंब घालून आडवी पडली होती. डोळे मिटूनच म्हणाली, “त्या मित्राला काही खायला दिलं का रे त्यांनी? बघता बघता निघालेसुद्धा.”

पुढच्या वर्षी गणपतीला मी माझ्या मित्राला घरी नेलं. आईने त्याच्या पानात मोदक वाढले, तूप सोडलं, तो नको म्हणेपर्यंत. अजून ती त्याला ‘तुझा मित्र’च म्हणते. आमच्याकडे दुसरा शब्द नाही, शोधलाही नाही.

तुम्ही म्हणता तसा तो प्रसंग रचलेला असेल. त्या दिवशी, वेम्बलीला जाता जाता, असं काही झालं नसेलच. बँडवाल्यांनी स्वतःची बाजू सावरून जिमला जे दोन-चार प्रसंग दिले, त्यातला एक माझ्या आईला पुरला. रॉकेटमन मी तिच्याबरोबर बघू शकलो नसतो.

---

सुरंगी, वेंगुर्ला

_/\_

---

वाकडा_माड, अलिबाग

खाडीकाठ, आई कशा आहेत आता? डोळे?

---

झिलग्या, मालवण

बरा लिवलंस.

---

भोंगेवाला, कुडाळ (धागाकर्ता)

दोन दिवस इकडे फिरकलो नाही, लाइट नव्हती.

खाडीकाठ, तुमच्यापुढे माझा हक्कांचा हिशेब मागे घेत नाही, पण त्यात एक रकाना कमी होता हे खरं. काय दाखवलं, कोणी दाखवू दिलं, एवढंच मी मोजत होतो. शेजारच्या खुर्चीवर कोण बसलंय हे धरलंच नाही.

झिलग्याच्या द्रौपदीवरून एक लिहायचं राहिलं होतं. नाटक संपतं पहाटे पाच-साडेपाचला. मी केबल गुंडाळत असतो. एक स्त्रीपार्टी नट, नाव नको, टेम्पोच्या उजेडात आरसा धरून खोबरेल तेलाने रंग काढत बसतो. गालावरची लाली आधी पसरते, मग जाते. कितीदा तरी आम्ही एकत्र चहा प्यायलोय आणि माझं त्याच्याशी बोलणं काय, तर आज माइकला शिट्टी का आली. दुसरं काही विचारलेलं नाही. विचारायलाच हवं असंही नाही. पण मी कधी त्याच्या बाजूला बसलोही नाही, केबल गुंडाळत राहिलो, हे तुमचं वाचताना आठवलं.

---

खाडीकाठ, दाभोळ

माड काका, आई ठणठणीत. मोतीबिंदू झाला काढून.

भोंगेवाला, यंदा पाचव्या दिवशी आमच्या वाडीत बारी आहे. मंडळाकडे जुने बॉक्स आहेत, पण माइक धड नाहीत. एवढ्या लांब येता का? मित्र पखवाजाला बसणार आहे. गेल्या वर्षी त्याचा हात मागच्या लोकांना ऐकूच गेला नाही.

---

भोंगेवाला, कुडाळ (धागाकर्ता)

त्या दिवशी मोकळा आहे, येतो. टेम्पोचं डिझेल तेवढं द्या. पखवाजाला एक माइक पुरत नाही, तीच चूक झाली असणार. एक शाईच्या बाजूला आणि एक कणकेच्या बाजूला, खाली वाकवून. दोन्ही आणतो.